तिसऱ्या वेळचं उत्तर

नोव्हेंबर १९६३, महिन्यातला शेवटचा सोमवार. सकाळी साडेनऊ. दवाखान्याच्या मागचा लांब हॉल.

हजर: बाहेरगावाहून शिकवायला आलेले डॉक्टर, एक. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या दवाखान्यांतले डॉक्टर, अकरा. मेट्रनबाई. सिस्टर, दोन. आया, चार. त्या चौघींत मी.

ही हजेरी मीच लिहिली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला सवय आहे. किती चादरी धुवायला गेल्या, किती परत आल्या, कोणत्या खाटेचं मेणकापड फाटलं, सगळं मी वहीत लिहीत असे. आयाने लिहावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण चादर हरवली की बोट आमच्याकडे वळायचं, आणि मी चौथी शिकलेली होते. म्हणून वही.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. गावाचं नाव लिहीत नाही. पांढरकवड्याहून बसने अर्ध्या तासावर, एवढं पुरे.

वर्ग डॉक्टरांसाठी होता. सहा दिवसांचा. डॉक्टरांनी सिस्टरांना, दायांना, नव्या डॉक्टरांना शिकवायचं कसं, ते शिकवणारा वर्ग. पाहुणे डॉक्टर हळू बोलत. आवाज कधी चढायचा नाही. खुर्ची मागावी तसं त्यांनी मागितलं.

"ज्याला काहीच येत नाही त्याला समजलं, तर तुम्हाला शिकवता आलं. मला इथली सगळ्यात अडाणी बाई द्या."

मेट्रनबाईंनी आम्हा चौघींना भिंतीशी उभं केलं. आमच्याच दवाखान्यातले लहाने डॉक्टर पुढे आले. मोठे डॉक्टर वेगळे होते, म्हणून हे लहाने. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही घ्या सर. धर्म बदलला यांनी, डोकं तेच आहे."

सगळे हसले असं लिहिणार होते. ते खरं नाही. नऊ जण हसले. एक खिडकीबाहेर पाहत होता. एक खाली पडलेलं पेन शोधत होता. पाहुणे डॉक्टर ओठ न उघडता हसले, तेही धरले तर दहा.

त्या दिवशी मी पांढरं लुगडं नेसले होते. ५६ साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेले तेव्हा नेसलेलं. पाहुणे येणार म्हणून नीळ घालून, घडी मोडून नेसले होते.

हे बोलणारे लहाने डॉक्टर मला ओळखत नव्हते असं नाही. दोन वर्षांपूर्वी ते नवीन लागले तेव्हा पंधराव्या दिवशी एक पायाळू लेकरू आलं. पाय बाहेर, धड बाहेर, डोकं अडकलेलं. सिस्टर रजेवर. डॉक्टर ओढायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, ओढू नका. लटकू द्या त्याले." त्यांनी माझ्याकडे पाहून एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो." लेकरू लटकू दिलं, मग पाय धरून वर उचललं, डोकं सुटलं. लेकरू रडलं. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "कोणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं.

नियम असा ठरला. धडा वीस मिनिटांचा. डॉक्टर शिकवणार आणि मधूनमधून मला विचारणार. पहिल्यांदा विचारलं की मी "नाही समजलं" म्हणायचं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा विचारलं की "समजलं" म्हणायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं. म्हणजे डॉक्टरांना तीन रीतींनी समजावण्याचा सराव होईल. वीस मिनिटं झाली की मेट्रनबाई पितळी घंटी वाजवतील. घंटी वाजली की धडा संपला.

मेट्रनबाईंनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"हे सहा दिवस नीट वाग. मिडवाइफच्या कोर्सला दवाखान्यातून एक नाव पाठवायचं आहे. तुझं घालते."

त्या एका नावासाठी मी चार वर्षं थांबले होते. दोन वेळा अर्ज केला होता. दोन्ही वेळा अर्ज कपाटात राहिला. मी मान हलवली.

आमच्यातली जमनाबाई नेरकडच्या तांड्यावरची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दुपारी भाकरी सोडताना म्हणाली, "काहून वो, आपल्याले काही येत नाही हे शिकायलेही सहा दिवस लागतात काय?"

मी हसले. तेही लिहून ठेवते. त्या दिवशी मीही हसले.

सोमवारी मला थर्मामीटर वाचायला शिकवलं. आठ वर्षं मी तो वाचत होते. मी उलटा धरला. पुन्हा उलटा धरला. तिसऱ्या वेळी सुलटा धरून शंभर पॉइंट दोन म्हटलं. टाळ्या पडल्या. डॉक्टरांसाठी.

मंगळवारी सुया उकळायला शिकवलं. मी पाणी उकळण्याआधीच सुया बाहेर काढल्या, दोनदा. पुन्हा टाळ्या.

प्रत्येक धड्यानंतर पाहुणे डॉक्टर एका कार्डावर लिहीत. कार्ड टेबलावर राहिलं होतं, मी टेबल पुसताना वाचलं. "विद्यार्थिनीचं आकलन: मंद. शिकवण्याचा परिणाम: उत्तम."

मंगळवारी घरी गेले. चुलीपुढे बसले होते. पोरीने पाटी आणली. "आई, हा भागाकार सांग." सोपा होता. एकाहत्तर भागिले आठ. माझ्या तोंडातून निघालं, "मले नाही समजत."

पोरगी पाहत राहिली. मीही. ते मी म्हटलंच नव्हतं. ते आपोआप आलं होतं.

बुधवार. बाळंतिणींचा वॉर्ड. सकाळी अकरा.

हजर: पाहुणे डॉक्टर. डॉक्टर, अकरा. मेट्रनबाई. जमनाबाई, दाराशी. मी, खाटेच्या पायथ्याशी. खाट सात:

तिथं नाव लिहायचं आहे. रजिस्टरात "कोलामीण" एवढंच होतं. तिच्या नवऱ्याने भरती करताना नाव सांगितलं होतं, कारकुनाला उमजलं नाही, त्याने पुन्हा विचारलं नाही. पांढरकवड्यापलीकडच्या जंगलातल्या पोडावरून बैलगाडीने आली होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पहाटे तिला मुलगी झाली. मुलगी मीच हातात घेतली. वार पूर्ण पडली, मी ताटात उलटसुलट करून पाहिली. सगळं ठीक होतं. त्यानंतर तिला स्वयंपाकघरातून गूळपाणी आणून दिलं. ती पूर्ण प्यायली. वहीत लिहिलं आहे.

धडा सुरू होण्याआधी तिने माझ्या पदराला हात लावला आणि खाली खूण केली. लघवीला जायचं होतं. मी भांडं आणायला वळले. मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "धडा झाल्यावर. सगळे उभे आहेत."

बारा पुरुष खाटेभोवती उभे होते. तिने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

धडा लहान्या डॉक्टरांचा होता. विषय: बाळंतपणानंतर आईवर लक्ष कसं ठेवायचं.

पाहुण्या डॉक्टरांचा एक नियम होता. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला पाठ दाखवायची नाही. तोंड वर्गाकडे हवं. लहाने डॉक्टर अगदी तसे उभे राहिले. तोंड आमच्याकडे. पाठ बाईकडे.

"पहिले काही तास धोक्याचे. पोटावर हात ठेवला की पिशवी नारळासारखी घट्ट लागली पाहिजे." हात त्यांनी हवेत ठेवून दाखवला. "मऊ लागली तर समजावं की आत रक्त सुटलंय. लघवी तुंबली असेल तरी पिशवी आवळत नाही. म्हणून आधी लघवी करवून घ्यायची."

सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकीचा नव्हता. पाहुणे डॉक्टर मान हलवत होते.

मी पायथ्याशी होते, म्हणून मला दिसलं. घोंगडीखालून मेणकापडाचा कोपरा बाहेर आला होता. त्या कोपऱ्यावर एक थेंब जमला. लाल. खाली पडला. दुसरा जमला. मला मोजायची सवय आहे. मी मोजले. नवव्या थेंबानंतर थेंब राहिला नाही, धार झाली. बारीक.

बाई मला म्हणाली, "बाई, थंडी."

लहान्या डॉक्टरांना वाटलं ती सहज बोलली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सांग. या बाईकडे पाहून तुला काय दिसतं?"

पहिली वेळ.

"काही नाही."

ते हसले. धडा चांगला चालला होता. त्यांनी पुन्हा समजावलं. या वेळी नारळाऐवजी कवठ म्हटलं, म्हणजे खेड्यातल्या बाईला कळेल. तिचे ओठ पांढरे पडत होते. उत्तर माझ्या तोंडात होतं. पोट मऊ आहे. लघवी तुंबली आहे. रक्त जाऊन राह्यलं. मी ते मनात तीनदा लावून पाहिलं, नीट यावं म्हणून. आता ते पटकन तिसऱ्यांदा विचारतील, असं मी स्वतःला सांगत होते.

"आता काय दिसतं?"

दुसरी वेळ.

"काही नाही."

त्यांनी खिशातून खडू काढला. वॉर्डात फळा नव्हता, म्हणून खिडकीच्या लाकडावर एक गोल काढला. पिशवी. त्यात बाण काढले. समजावत राहिले. तिसऱ्या रीतीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घंटी वाजली.

टाळ्या पडल्या. सगळे चहाला निघाले. हॉलमध्ये पोहे ठेवले होते.

मी घोंगडी काढली. पोटावर हात ठेवला. भिजवलेल्या कणकेसारखं. मी जमनाबाईला हाक मारली. ती धावत सिस्टरला आणायला गेली. मी पोट चोळत राहिले. सिस्टरने नळी घालून लघवी काढली. भांडं भरून आली. इंजेक्शन दिलं. लहाने डॉक्टर पळत आले, तोंडात पोहे होते, ते गिळून त्यांनी बाह्या वर केल्या. ते खरंच झटले. हेही लिहिलं पाहिजे. सलाइन लावली. रक्त मिळण्याची सोय नव्हती.

दीड वाजता ती गेली.

नवरा आवारात कडुनिंबाखाली बसला होता. मुलगी फडक्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर. मेट्रनबाई मला म्हणाल्या, "तू जा. तुझं तो ऐकेल. अंगात रक्त कमी होतं म्हणून सांग."

मी गेले. तो उठून उभा राहिला.

"काय झालं माह्या बाईले?"

"अंगात रक्त कमी होतं."

त्याने विचारलं, "तू होती काय तिच्याजवळ?"

"होती."

"मंग बरं."

एवढंच म्हणाला. मंग बरं. त्याला वाटलं, परक्या माणसांत एक बाई तरी तिच्याजवळ होती.

गाडी निघाली तेव्हा मुलगी रडत नव्हती.

गुरुवारचा धडा फळ्याचा वापर कसा करावा यावर होता. खाट सातवर नवी बाई आली होती. खिडकीच्या लाकडावरचा गोल मीच ओल्या फडक्याने पुसला. खडू गेला. पण लाकूड वाळलं की गोलाची कड दिसायची. मी तो तीन वेळा पुसला.

शुक्रवारी मी कामावर गेले, काम केलं, घरी आले. शुक्रवारच्या पानावर वहीत काही नाही. माझ्या सगळ्या वह्यांत तेवढंच एक कोरं पान आहे.

शनिवारी समारोप. ट्रस्टचे अध्यक्ष आले होते. पुढच्या रांगेत बसले. सहा दिवसांतला सगळ्यात चांगला धडा पुन्हा करून दाखवायचा होता. निवडला लहान्या डॉक्टरांचा. बाळंतपणानंतर आईवर लक्ष. या वेळी खरी बाई नव्हती. टेबलावर लोड ठेवून त्यावर घोंगडी घातली होती.

मी पांढरं लुगडं नेसले होते. तेच. जमनाबाईने सकाळी पाहिलं. मला म्हणाली, "आज त्यायले जे पायजे ते दे, अन् मोकळी हो. नाव चाललंय तुह्यं."

लहाने डॉक्टर उभे राहिले. तोंड वर्गाकडे, पाठ लोडाकडे. नारळ. कवठ अजून आलं नव्हतं.

"सांग. या बाईकडे पाहून तुला काय दिसतं?"

"पोट मऊ आहे," मी म्हटलं. "लघवी तुंबली आहे. धड्याआधी ती लघवीला मागून राह्यली होती, तिले थांबवलं. मेणकापडाच्या कोपऱ्यातून रक्त जाऊन राह्यलं. ओठ पांढरे आहेत. तिले थंडी वाजते."

ते थांबले. हसू तोंडावर तसंच होतं, विझायला वेळ लागला.

"हा लोड आहे," ते म्हणाले.

"बुधवारी लोड नव्हता."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. मेट्रनबाईंचा हात घंटीवर गेला. वीस मिनिटं झाली नव्हती. त्यांनी हात काढून घेतला.

पाहुणे डॉक्टर उठले. आवाज तसाच, हळू.

"बाई, तुम्हाला बुधवारी हे सगळं दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग त्याच वेळी का सांगितलं नाही?"

सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

"तिसऱ्या वेळी सांगायचं ठरलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही दोनदाच विचारलं."

मी लहान्या डॉक्टरांकडे वळले.

"पायाळू लेकराच्या वेळी तुम्ही मले एकदाच विचारलं होतं, डॉक्टर. मी एकदाच सांगितलं होतं. तेव्हा मी अडाणी नव्हते. यापुढे मी कोणासाठी अडाणी होणार नाही."

मग मी बाहेर आले.

त्या दिवसाचं कार्ड मी पाहिलं नाही. जमनाबाईने पाहिलं, पण तिला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांचे आकार बोटाने माझ्या तळहातावर काढून दाखवले. मला त्यातलं एक अक्षर कळलं, शि. शिस्त असेल. कोर्सला नाव गेलं, ते दुसऱ्या एकीचं. वर्षअखेरीला माझी कामावरची गरज संपली असं सांगितलं. लहाने डॉक्टर बदली करून घेऊन गेले. जाताना व्हरांड्यात भेटले. काहीतरी बोलायला थांबले. मी थांबले नाही.

पुढे अर्ज मी स्वतः लिहिला, स्वतः टपालात टाकला, दुसऱ्या जिल्ह्यात. सातवीची परीक्षा बाहेरून दिली. कोर्स पूर्ण केला. आता १९६९ चालू आहे. पांढरकवड्याला दायांचा वर्ग मी घेते. कधी नवे डॉक्टरही येऊन बसतात. माझ्या वर्गात सगळ्यात अडाणी कोण असं कोणाला विचारता येत नाही. ज्या बाईला जे दिसलं ते तिने दिसल्या क्षणी बोलायचं, शिकवणाऱ्याचं वाक्य तोडून बोलायचं. आणि खाटेवर खरी बाई असेल तर मी डॉक्टरला तोंड तिच्याकडे करायला लावते. वर्गाला पाठ दिसली तरी चालेल. एकाने विचारलं, "मग मागच्यांना ऐकू कसं येईल?" मी म्हटलं, "जवळ या."

जमनाबाई भेटली की म्हणते, "तुहा काय दोष त्यात. नियम त्यायनं केला." ती खरं बोलते. नियम त्यांचा होता. घंटी त्यांची होती. डोकं तेच आहे असं म्हणणारं तोंडही त्यांचंच. पण "काही नाही" हे शब्द माझ्या तोंडून गेले. दोनदा. कामात असताना कोणी मागून विचारलं, "काय दिसतं बाई?" तर मला आधी ते दोन शब्द ऐकू येतात, मग मी उत्तर देते. मोठ्याने देते. माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढू दे.

दर वर्षी नवी वही करते तेव्हा जुन्या वहीतली राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवते. बाकीची कामं होतात, खोडली जातात. एक काम सहाव्यांदा उतरवलं आहे.

"पोडावर जाणे. खाट सातच्या घरी खरं काय झालं ते सांगणे. तिचं नाव विचारून लिहून घेणे."

रस्ता माहीत आहे. पांढरकवड्याहून सहा मैल पायी. मागच्या उन्हाळ्यात निघाले होते. चार मैल गेले. नाल्याच्या काठावर एक माणूस समोरून येताना दिसला, खांद्यावर कुऱ्हाड. तो नव्हता. जवळ आल्यावर दिसलं की तो फारच म्हातारा आहे. त्याने विचारलं, "कोणाकडं जायचं बाई?" मला नाव सांगता आलं नाही. मी परत फिरले.

"मंग बरं," असं म्हणालेल्या माणसापुढे उभं राहून, बरं नव्हतं, असं सांगायचं आहे. त्याची मुलगी आता सहा वर्षांची होत आली असेल. तिच्याही पुढे सांगायचं आहे. त्यानंतर ते जे म्हणतील ते ऐकून घ्यायचं आहे, कितीही वेळा म्हणाले तरी.

पाणी उतरल्यावर, दिवाळीच्या आत, सहाही मैल जायचं असं ठरवलं आहे. बरोबर वही न्यायची. बुधवारच्या हजेरीत खाट सात पुढे जागा सोडली आहे. आज ही ओळ लिहीपर्यंत ती कोरी आहे.